लाइटरूम-फोटोशॉप सोडताना: आधी आल्बममधली अक्षरं तपासा, मग स्लायडर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका लग्न-फोटोग्राफी स्टुडिओचा प्रश्न असा आहे. २०१२ पासून सगळं काम अडोबी कंपनीच्या लाइटरूम आणि फोटोशॉपवर चालतं. वर्षाला तीसेक लग्नं, शिवाय साखरपुडे, बारशी, वास्तुशांत. सहा कॅटलॉगांत मिळून चार लाखांच्या आसपास फोटो. वर्गणी आता नकोशी झालीय. दुसरीकडे जायचं तर कुठे, जुनं एडिटिंग तिकडे येईल का, आणि ऐन सीझनमध्ये हात अडकणार नाही ना?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर कडू आहे. जुनं एडिटिंग दुसरीकडे जसंच्या तसं येत नाही. कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये येत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. लाइटरूम रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलला, हात लावत नाही, फक्त कृती लिहून ठेवतो: एक्स्पोजर एवढं, हायलाइट तेवढं, इथे ब्रश. ही कृती वाचणारा स्वयंपाकी बदलला की पदार्थ बदलतो. 'दोन चमचे तिखट' एवढंच लिहिलंय. चमचा केवढा आणि तिखट संकेश्वरी की ब्याडगी, हे लिहिलेलंच नाही. लाइटरूममधलं एक्स्पोजर +०.५० आणि डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमधलं +०.५० यांच्याखाली वेगळी कॅमेरा प्रोफाइल असते, वेगळा टोन कर्व्ह असतो, आणि गणिताचा क्रमही वेगळा असतो. आकडा पोचला तरी चित्र पोचत नाही.

म्हणून चार लाख फोटो नव्या घरात 'रूपांतरित' करण्याच्या फंदात पडू नका. जुनं काम जिथे झालंय तिथेच गोठवायचं, त्याच्या तयार प्रती काढून ठेवायच्या, आणि एका ठरलेल्या तारखेनंतरचं प्रत्येक नवं काम नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं. तारीख आषाढातली धरा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं थांबतात. पहिला महिना आवराआवरीला, पुढचा सरावाला, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत हात बसलेला. वैशाखात सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे वरात दारात असताना मांडव हलवणं.

सोबत काय येतं, तेही स्पष्ट असू दे. स्टार, कलर लेबल, कीवर्ड, शीर्षक, कॉपीराइट आणि जीपीएस हे सगळं ठरलेल्या मानक जागी लिहिलं जातं, त्यामुळे जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर ते वाचतं. पण ते आधी कॅटलॉगातून बाहेर काढावं लागतं. लाइटरूमचा कॅटलॉग हा एकच डेटाबेस असतो, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय त्यातलं काहीही फोटोशेजारी उतरत नाही. बहुतेक स्टुडिओंत तसं सांगणारी सेटिंग वर्षानुवर्षं बंदच असते.

तर आवराआवरी अशी. प्रत्येक कॅटलॉग उघडा आणि आधी त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. मग लायब्ररी मेनूतून 'फाइंड ऑल मिसिंग फोटोज' चालवा. फाइल सापडत नसेल तर तिच्याशेजारी काहीच लिहिता येत नाही, म्हणून हे पहिलं. इतक्या वर्षांत डिस्कची अक्षरं बदललेली असतात. 'ई' ड्राइव्ह आता 'जी' झालेला असतो. सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून नवी जागा दाखवली की खालचे हजारो फोटो एका झटक्यात जोडले जातात. एकेक फोटो जोडत बसू नका.

मग फ्लॅग. जुन्या आवृत्त्यांत 'पिक' आणि 'रिजेक्ट'चे झेंडे कॅटलॉगाबाहेर जात नाहीत. लग्नाची निवड झेंड्यांवर करत असाल तर ती सगळी मेहनत इथेच राहील. झेंडेवाले फोटो फिल्टर करा, ग्रिडमध्ये सगळे निवडा आणि ६ दाबून लाल लेबल लावा. ग्रिडमध्येच करा, एकच फोटो मोठा उघडलेला असताना लेबल त्या एकट्यालाच लागतं आणि बाकीचे तसेच राहतात. लेबलांना 'आल्बम', 'फ्रेम' अशी स्वतःची नावं दिली असतील तर ती मूळ 'रेड', 'यलो' वर आणा. लेबल शब्द म्हणून साठवलं जातं, आणि नव्या सॉफ्टवेअरला 'आल्बम' नावाचा रंग माहीत नसतो.

कलेक्शन आणि स्टॅकही बाहेर येत नाहीत. कलेक्शनसाठी साधा उपाय म्हणजे कलेक्शन उघडा, सगळे निवडा आणि त्याच नावाचा कीवर्ड द्या. कीवर्ड देवनागरीत चालतो, पण आखूड ठेवा. फोटोतल्या जुन्या आयपीटीसी रकान्यात (फोटोची माहिती लिहिण्याचं जुनं मानक) एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून एकवीस चिन्हं. 'खानापूर हळदी समारंभ २०१९' एवढ्यातच ती ओलांडली जाते आणि शेपूट तुटतं. फाइलची आणि फोल्डरची नावं मात्र रोमन लिपीतच ठेवा, तारीख पुढे, मग गाव, मग कार्यक्रम. लॅबच्या जुन्या यंत्रांना देवनागरी फाइलनाव दिलं की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

व्हर्च्युअल कॉपी हा सगळ्यात सहज विसरला जाणारा भाग. एकाच रॉ फाइलची रंगीत आणि कृष्णधवल अशी दोन रूपं केली असतील तर शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये, म्हणजे फोटोशेजारी कृती लिहून ठेवणाऱ्या छोट्या फाइलमध्ये, फक्त मूळ प्रतीचं एडिटिंग जातं. अॅट्रिब्यूट फिल्टरमध्ये व्हर्च्युअल कॉपीचं चिन्ह निवडा आणि जे दिसेल ते तयार जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवा.

आता कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटा टॅब उघडा, बदल एक्सएमपीत आपोआप लिहिण्याची खूण करा, आणि फोटो निवडून कंट्रोल + एस दाबा. एकदम लाखभर निवडू नका. पाच ते दहा हजारांचा एकेक घास घ्या, म्हणजे कुठे अडकलं ते कळतं. एक्सएमपी फाइल साधारण दहा केबीची धरली तर चार लाखांचे चार जीबी होतात, जागेचा प्रश्न नाही. प्रश्न वेळेचा आणि विजेचा. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि कॅटलॉग लिहिला जात असताना मशीन बंद पडलं तर डेटाबेस बिघडू शकतो. यूपीएस नसेल तर हे काम लॅपटॉपवर करा. शेवटी फिल्टर पट्टीत 'मेटाडेटा स्टेटस' लावून पाहा. सगळे 'अप टू डेट' दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका.

जेपीजीमध्ये शूट केलेल्या फोटोंचं वेगळं आहे. तिथे एडिटिंगची कृती फाइलच्या पोटातच लिहिली जाते, पण दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर ती न वाचता कॅमेऱ्यातून निघालेला मूळ फोटो दाखवतं. असिस्टंटच्या कॅमेऱ्यावर जेपीजी चालत असेल तर त्या फोटोंची तयार प्रत काढणं सक्तीचंच समजा.

तयार प्रती किती आणि कशा? ग्राहकाला दिलेल्या निवडक फोटोंच्या पूर्ण आकाराच्या जेपीजी, दर्जा ९० च्या आसपास, रंग एसआरजीबी, म्हणजे पडदे आणि लॅब धरून चालतात तो नेहमीचा रंगसंच. सोळा बिट टिफचा मोह आवरा. २४ मेगापिक्सेलची एक सोळा बिट टिफ दाबल्याशिवाय १४४ एमबी होते. चारशे फोटोंचा आल्बम म्हणजे एका लग्नाला सत्तावन्न जीबीच्या वर. टिफ फक्त त्या पंधरा-वीस फोटोंची काढा जे पुढे मोठ्या फ्रेमला जाण्याची शक्यता आहे.

वर्गणी बंद झाली तरी लाइटरूम क्लासिक काढून टाकू नका. सध्याच्या पद्धतीनुसार डेव्हलप आणि मॅप हे भाग बंद होतात, पण कॅटलॉग उघडतो, शोधता येतं आणि आधी केलेल्या एडिटिंगसकट एक्स्पोर्टही करता येतं. म्हणजे २०१६ च्या लग्नाची फ्रेम कोणी आज मागितली तरी काम अडत नाही. जुन्या मशीनवर तो तसाच ठेवा. रद्द करण्याआधी नूतनीकरणाची तारीख मात्र बघा: वर्षाच्या करारावरचा महिन्याचा हप्ता मध्येच तोडला तर दंड लागू शकतो. आणि अडोबीच्या क्लाउडवर काही फोटो ठेवले असतील तर ते आधी उतरवून घ्या.

एवढं झालं की खरा निर्णय. इथे बहुतेक जण उलट्या बाजूने विचार करतात. रॉ कुठला चांगला, नॉइज कोण कमी करतं, सावली कोण उचलतं, यावर महिने जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या लग्नाच्या स्टुडिओला त्यातला कुठलाही चालेल. तुमचं काम अडतं ते आल्बमच्या पानावर. तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं लागतात, वधूपक्ष धारवाडकडचा असला की एकाच पानावर लागतात, आणि पान बनतं विकत घेतलेल्या पीएसडी (फोटोशॉपच्या फाइलच्या) टेम्प्लेटवर. म्हणून आल्बमचं सॉफ्टवेअर आधी निवडा आणि रॉचं नंतर.

पीएसडी टेम्प्लेटचं मर्म क्लिपिंग मास्कमध्ये असतं: चौकटीच्या थरावर फोटो ठेवायचा आणि तो त्या आकारात कापला जायचा. अफिनिटी हे बऱ्यापैकी सांभाळतं आणि थर शाबूत ठेवतं. कॅनव्हाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते मोफत केलं. फक्त कॅनव्हाचं खातं लागतं. जिंप पीएसडी उघडतं, पण क्लिपिंगवर अडखळतं आणि टेम्प्लेटमधलं टेक्स्ट बहुधा चित्र होऊन येतं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जिंप ३.० ने पुष्कळ सुधारणा केली, तरी रोज तीस पानं ओढायचं ते साधन नव्हे. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी चांगली उघडतं, आणि फाइल तुमच्याच मशीनवर राहते, अडीअडचणीला ठीक. फोटोशॉपच्या अॅक्शन, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या पायऱ्या, मात्र अफिनिटी आणि जिंपमध्ये जात नाहीत. ज्या दहा-बारा अॅक्शन रोज वापरता त्यांच्या पायऱ्या आत्ताच कागदावर उतरवून ठेवा, नव्या ठिकाणी त्या मॅक्रो म्हणून पुन्हा बांधाव्या लागतील.

मशीनचा अंदाजही इथेच घ्या. १२ × ३६ इंचांचं पान ३०० डीपीआयला १०८०० × ३६०० पिक्सेल होतं, म्हणजे एक पूर्ण थर आठ बिटमध्ये सुमारे ११७ एमबी. वीस थरांचं टेम्प्लेट सहज दोन जीबी खातं. आठ जीबी रॅमवर नवं सॉफ्टवेअर 'हळू' वाटतं त्यात त्याचा दोष नसतो. सोळा जीबी आणि एसएसडी ही किमान गरज धरा.

आता अक्षरं. युनिकोड देवनागरी आणि कन्नड ही नुसती अक्षरांची रांग नसते. सॉफ्टवेअरला जोडाक्षर बांधावं लागतं, रफार डोक्यावर न्यावा लागतो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणावी लागते, कन्नडमधलं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षराचा दुसरा भाग, खाली बसवावं लागतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतसुद्धा हे प्रेफरन्सेसमधल्या टाइप भागात दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन निवडल्यावरच नीट व्हायचं. अफिनिटीच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत भारतीय लिप्यांची ही जुळणीच नव्हती. म्हणून तुम्ही जी आवृत्ती बसवाल तिच्यात पहिल्या दिवशी टाइप करून पाहा. 'शुभविवाह' लिहून समाधान मानू नका, त्यात एकही जोडाक्षर नाही. 'मुहूर्त', 'आशीर्वाद', 'ज्येष्ठ', 'कृष्णा', 'तुमच्या-आमच्या', 'दुसऱ्या' हे शब्द लिहा. कन्नडमध्ये 'श्री', 'लक्ष्मी', 'स्वागत'. हे सगळे नीट उमटले तरच पुढे.

नाही उमटले तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे इंकस्केप या मोफत रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा जिंपमध्ये मजकूर बनवणं. दोन्ही भारतीय लिप्या व्यवस्थित जुळवतात. इंकस्केपमध्ये मजकूर लिहून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि एसव्हीजी म्हणून आल्बमच्या पानात आणा. अक्षरं आता आकार झालेली असतात, कुठेही तुटत नाहीत आणि कितीही मोठी करता येतात. चूक दुरुस्त करायची तर मूळ फाइल लागते, म्हणून पाथ करण्याआधीची प्रत जपा. नावातल्या ऱ्हस्व-दीर्घावरून पाहुण्यांत रुसवे होतात, तेव्हा ही प्रत लागतेच.

दुसरी वाट जुन्या फॉन्टची. श्री-लिपी, नुडी यांचे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट हे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या खोबणीत बसवलेले मराठी-कन्नड तुकडे आहेत. त्यांना जुळणी लागत नाही, म्हणून जिथे युनिकोड तुटतं तिथेही ते बिनतक्रार चालतात. पण सॉफ्टवेअर त्या मजकुराला इंग्रजी समजतं. ऑटो-करेक्ट, वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं, सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार करणं, हे सगळं आधी बंद करा. नाहीतर मधलाच एखादा तुकडा बदलतो आणि मात्रेच्या जागी भलतंच काही येतं. 'फॉन्ट खराब झाला' अशी जी तक्रार ऐकू येते तिच्यामागे बहुतेकदा हेच असतं.

नव्याने फॉन्ट निवडायचे असतील तर बालू २ आणि बालू तम्मा २ ही जोडी घ्या. पहिला देवनागरी, दुसरा कन्नड, वळण एकच; दोन लिप्या एका पानावर शेजारी बसल्या तरी उसन्या वाटत नाहीत. मोफत आहेत. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी. हिंदी वळणाचा 'श' पत्रिकेवर आला की इकडच्या आजोबांच्या डोळ्यांत तो लगेच खुपतो, आणि ते बरोबरच आहे.

आता रॉ, थोडक्यात प्रत्येकाचा स्वभाव. पैसे देऊन एकदाच परवाना घ्यायचा तर कॅप्चर वन. लाइटरूमचा कॅटलॉग तो थेट आयात करतो, कलेक्शनसकट. क्रॉप, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट असे मोजके बदल आणतो, ब्रश आणि मास्क नाही. लग्नासाठी त्यातलं 'सेशन' वापरा, कॅटलॉग नको. एका लग्नाचं एक सेशन म्हणजे एक फोल्डर, एडिटिंग त्याच्याच पोटात. असिस्टंटच्या मशीनवर फोल्डर उचलून नेला की काम पुढे सुरू. शिवजयंतीच्या चित्ररथांसारखं रात्रीचं, उंच आयएसओचं काम जास्त असेल तर डीएक्सओ फोटोलॅबचं नॉइज काढणं फार चांगलं आहे, पण लाइटरूमचे स्लायडर तो मुळीच वाचत नाही. मोफतमध्ये रॉथेरपी आणि डार्कटेबल. रॉथेरपी शिकायला सोपा. कॅमेऱ्याच्या जेपीजीशी टोन जुळवणारं बटण त्यात आहे, हजार फोटोंची घाई असताना ते कामी येतं. पण ठरावीक भागापुरतं एडिटिंग त्यात तोकडं पडतं. फोटो शोधायला, निवडायला डिजिकॅम जोडीला घ्या.

रोजच्या लग्नासाठी, खिशातून काही न घालता, माझा कौल डार्कटेबलला. त्यात मोड्यूल साठच्या वर आहेत आणि तिथेच लोक हरतात. लग्नाला सातच लागतात: एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, कलर बॅलन्स आरजीबी, लेन्स करेक्शन, डीनॉइज, आणि गरजेपुरतं रिटच. 'क्विक अॅक्सेस' यादीत एवढेच ठेवा, बाकीचे नजरेआड करा.

क्रमही महत्त्वाचा. आधी एक्स्पोजर, आणि ते चेहऱ्यांकडे बघून. पांढरा फेटा, ट्यूबलाइट उडतायत म्हणून मागे खेचू नका. हायलाइट आवरणं हे सिग्मॉइडचं काम. लाइटरूमची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो, एक्स्पोजर कमी ठेवतो आणि मग 'फोटो मळकट येतो' म्हणतो. सिग्मॉइड, फिल्मिक आणि बेस कर्व्ह ही तिन्ही एकाच कामाची अवजारं आहेत. एका वेळी एकच चालू. व्हाइट बॅलन्स कलर कॅलिब्रेशनमध्ये करा आणि जुना व्हाइट बॅलन्स मोड्यूल हलवू नका, नाहीतर रंग दोनदा दुरुस्त होतो.

मंगल कार्यालयातल्या निळ्या-जांभळ्या एलईडीत चेहऱ्यावर सपाट, रंगवल्यासारखे डाग दिसतात. तो रंग एसआरजीबीत मावतच नाही. कलर कॅलिब्रेशनमधलं गॅमट कॉम्प्रेशन वाढवलं की डाग विरघळतात. लाल शालूचं किंवा इरकलीचं दुखणंही याच जातीचं: लाल चॅनल भरून जातो आणि काठाची जर, विणीची रेघ एकजीव होते. हिस्टोग्रामवर लाल रेषा उजव्या भिंतीला टेकलीय का ते पाहा. टेकली असेल तर कलर बॅलन्समध्ये सॅच्युरेशन थोडं उतरवा. एक्स्पोजर उतरवलं तर वधूचा चेहराच काळवंडतो. हळदीला पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली सगळ्यांचीच त्वचा पिवळी येते. तिथे पूर्ण फोटोचा पिवळा मारू नका, हळदच फिकी पडेल. चेहऱ्यांवर मास्क टाकून फक्त तिथे कलर कॅलिब्रेशनची दुसरी प्रत लावा.

'नव्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो मऊ येतो' ही तक्रार तर ठरलेली. लाइटरूम प्रत्येक रॉला न विचारता शार्पनिंग ४० आणि रंगाचं नॉइज रिडक्शन २५ लावतो. दुसऱ्याने लावलं नाही की तुलना अन्यायाची होते. डार्कटेबलमध्ये 'डिफ्यूज ऑर शार्पन'चा लेन्स डीब्लरवाला प्रीसेट लावून मग तुलना करा. तो मोड्यूल जड आहे, ग्राफिक्स कार्ड नसेल तर शेवटी लावा.

वेग आधी मोजा. ओपनसीएल (गणिताचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकणारी सोय) चालणारं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि एका फोटोच्या एक्स्पोर्टला दहा सेकंद लागत असतील तर तीन हजार फोटोंना आठ तास वीस मिनिटं लागतात. रात्री लावून झोपता येतं, पण नवऱ्या मुलीचा भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा असतो. पन्नास फोटो एक्स्पोर्ट करून घड्याळ लावा, मग ठरवा.

कॅमेराही तपासा. निकॉन झेड ८, झेड ९, झेड ६-३ वर 'हाय एफिशियन्सी' रॉ शूट करत असाल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ती उघडत नाहीत. कॅमेऱ्यात 'लॉसलेस कॉम्प्रेस्ड' निवडा. हे सीझन सुरू झाल्यावर कळलं तर एका लग्नाचं कार्ड हातात घेऊन बसावं लागेल.

लाइटरूमने आयएमजी_१२३४.एक्सएमपी लिहिलेली असते. डार्कटेबल आपली स्वतःची आयएमजी_१२३४.सीआर२.एक्सएमपी अशी, मूळ फाइलचं शेपूट जोडून लिहितो. त्यामुळे ही दोन एकमेकांवर चढत नाहीत, आणि आयात करताना डार्कटेबल लाइटरूमच्या फाइलमधून स्टार, लेबल, कीवर्ड, क्रॉप आणि थोडं जुजबी एडिटिंग उचलतो. पण डिजिकॅमही डार्कटेबलसारखंच नाव वापरतो. एका फोल्डरमध्ये एकानेच लिहायचं, दुसऱ्याला फक्त वाचू द्यायचं, हा नियम पाळा.

सरावासाठी वीस फोटो काढा, सोपे नव्हेत: अक्षता पडतानाचा फ्लॅशचा, वरातीतला डीजेच्या उजेडातला, खिडकीकडे पाठ असलेला, चाळीस माणसांचा ग्रुप, गांधी टोपी आणि गडद शालू एकाच चौकटीत असलेला. प्रत्येकाची लाइटरूममधली जुनी तयार जेपीजी शेजारी ठेवा आणि नव्यात तिथपर्यंत पोचा. हुबेहूब नको, ग्राहकाला फरक जाणवणार नाही एवढं बास. वीस झाले की तुमच्या लक्षात येईल की सहा-सात बदल प्रत्येक वेळी तेच होतायत. त्यांचा प्रीसेट करा आणि कॅमेरा व आयएसओनुसार आपोआप लागेल असा ठेवा. डार्कटेबलमध्ये ही सोय प्रत्येक मोड्यूलच्या प्रीसेटमध्ये आहे. दोन कॅमेरे वेगळ्या कंपन्यांचे असतील तर दोन संच. मग कंट्रोल + सी, कंट्रोल + व्हीने पूर्ण एडिटिंग आणि शिफ्ट जोडून निवडक मोड्यूल पुढच्या फोटोंवर. क्रॉप आणि मास्क वगळूनच चिकटवा, नाहीतर एकाचं डोकं दुसऱ्याच्या चौकटीत कापलं जातं.

पडद्यावर जुळलं म्हणून थांबू नका. लॅबकडे १२ × १८ ची एक शीट पाठवा, अर्ध्यात जुन्या सॉफ्टवेअरचे चार फोटो, अर्ध्यात नव्याचे तेच चार. बेळगावची लॅब असो की कोल्हापूरची, फाइल बहुधा एसआरजीबी जेपीजीच मागते. नव्या सॉफ्टवेअरची एक्स्पोर्टची मूळ सेटिंग वेगळी असू शकते. अडोबी आरजीबी फाइल प्रोफाइल न जोडता गेली तर शालूचा लाल विटकरी होऊन येतो आणि दोष लॅबच्या माथी जातो. शीट दिवसाच्या उजेडात, दारात उभं राहून पाहा; ट्यूबलाइटखाली नको.

पहिल्या सीझनला आल्बमसाठी फोटोशॉप चालू ठेवणं परवडत असेल तर जरूर ठेवा. रॉ आणि आल्बम एकाच वर्षी बदलले की चूक कुठे झाली हेच सापडत नाही. निवड आल्बमची आधी केली तरी बदल असा करा: या कार्तिकात रॉ, पुढच्या आषाढात आल्बम. तोवर दोन डिस्क, एक स्टुडिओत आणि एक घरी. विंडोजच असेल तर त्या एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, कारण वीज गेल्यावर एक्सफॅट जास्त दगा देते. पावसाळ्यात डिस्कच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आर्द्रा लागण्याआधी बदला.